हूल केव्हा द्यावी? नो-लिमिट पोकरमधील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

नो-लिमिट पोकर शिकू पाहणारा सोलापूरचा माणूस बहुधा तीन पत्तीच्या वाटेने तिकडे येतो. दिवाळीत लक्ष्मीपूजन आटोपल्यावर पूर्व भागातल्या एखाद्या विणकराच्या घरी काय किंवा नव्या पेठेतल्या दुकानाच्या माडीवर काय, हातात काही नसताना चाल वाढवत नेऊन समोरच्याला पॅक करायला लावण्याची कला त्याने पाहिलेली असते. हूल म्हणजे छाती आणि चेहरा, ही त्याची समजूत तिथेच पक्की होते. पोकरमध्येही दीर्घकाळ हीच समजूत होती; ती कशी बदलत गेली, हे पाहिल्याशिवाय आजचे खेळाडू ब्लफचा, म्हणजे हुलीचा, निर्णय ज्या पद्धतीने घेतात ती नीट कळत नाही.

दोन्ही खेळांचे कूळ जवळचे आहे. इंग्लंडमधील ‘ब्रॅग’ या खेळाच्या तीन पानी प्रकारातून आपली तीन पत्ती आली. 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने, नशिबावर चालणाऱ्या तीन पानी खेळाला ‘फ्लश’ आणि ‘ब्रॅग’ अशीही नावे असल्याची नोंद निकालपत्रात केली आहे. पोकर मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरील बोटींवर घडला. प्रारंभी त्यात दहापासून एक्क्यापर्यंतची वीसच पाने असत आणि अमेरिकेत काही काळ या खेळाला ‘ब्लफ’ असेच म्हणत.

साम्य इथवरच. तीन पत्तीत ब्लाइंड, म्हणजे पाने न पाहता, खेळणारा हा सीन, म्हणजे पाने पाहिलेल्या, खेळाडूच्या निम्म्या पैशात डावात टिकतो आणि चाल सहसा आधीच्या चालीइतकी किंवा तिच्या दुप्पट एवढीच करता येते. म्हणून हूल पायरीपायरीने चढवावी लागते. नो-लिमिटमध्ये मात्र खेळाडू केव्हाही समोरची सगळी रक्कम लावू शकतो. त्यामुळे हुलीची किंमत ठरवणे हा त्याच्या निर्णयाचाच भाग होतो, आणि माझ्या मते या खेळाचा सगळा कस याच ठिकाणी लागतो.

या निर्णयाला गणिताची चौकट देण्याचे काम विसाव्या शतकात झाले. फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी 1920 च्या दशकात त्याला हात घातला. गणिती जॉन फॉन नॉयमन यांचा खेळांच्या गणितावरचा पायाभूत लेख 1928 चा, आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 1944 च्या ग्रंथात पोकरवर स्वतंत्र विभाग आहे. त्यातला निष्कर्ष अनुभवी खेळाडूलाही चकित करणारा होता: हूल मध्यम पानांवर नव्हे, तर अगदी वाईट पानांवर द्यावी. मध्यम पाने शो झाल्यास, म्हणजे पाने उघडल्यास, कधीकधी जिंकतात. त्यांवर मोठी रक्कम लावली तर वाईट पानांचा प्रतिस्पर्धी पळून जातो आणि चांगल्या पानांचा तेवढा थांबतो. वाईट पानांना मात्र शोमध्ये गमावण्यासारखे काहीच नसते.

गणिती हॅरोल्ड कुन यांनी 1950 मध्ये हे फक्त तीन पानांवर दाखवले. गुलाम, राणी, राजा, दोन खेळाडू, प्रत्येकाच्या हाती एकेक पान, प्रत्येकाचा एकेक चिंचोका पॉटमध्ये (मधल्या सामाईक रकमेत) आणि पुढे एकच लावण्याची मुभा. पहिल्याने काही न लावता डाव पुढे दिला, तर दुसऱ्याने राजावर नेहमी लावावे, राणीवर कधीही लावू नये आणि गुलामावर सरासरी तीनांतून एकदा लावावे. याहून कमी वेळा हूल दिली तर त्याच्या राजाला कोणी पैसे देणार नाही, आणि जास्त वेळा दिली तर राणीवाला प्रत्येक वेळी शो मागू लागेल.

नो-लिमिटमध्ये हाच हिशेब रकमेनुसार बदलतो. पॉटमध्ये 100 असताना 50 लावले तर हूल तीनांतून एकदा, 100 लावले तर निम्म्या वेळा आणि 200 लावले तर तीनांतून दोनदा यशस्वी झाली तरच ती तोट्यात जात नाही. शेवटच्या फेरीत 100 लावणाऱ्याने दर दोन खऱ्या हातांमागे एक हूल ठेवली, तर प्रतिस्पर्ध्याने तेवढेच पैसे भरून शो मागितला काय किंवा पाने टाकली काय, त्याला काहीच फायदा होत नाही.

टेबलावर हे ज्ञान सावकाश उतरले. टेक्सासचा होल्डेम (प्रत्येकाच्या हाती दोन पाने आणि टेबलावर सर्वांसाठी पाच सामाईक पाने असा पोकरचा प्रकार) 1960 च्या दशकात लास वेगासला पोहोचला आणि तिथे 1970 मध्ये सुरू झालेल्या जागतिक स्पर्धामालेचा मुख्य सामना 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच नो-लिमिट होल्डेमचा झाला. पुढे पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘सेमी-ब्लफ’ ही कल्पना मांडली: आज हात कच्चा असला तरी पुढच्या पानावर पिकू शकेल, तेव्हाच दडपण आणावे.

याच स्पर्धामालेच्या 2003 च्या अंतिम लढतीत ख्रिस मनीमेकर याने सॅम फार्हाविरुद्ध केलेली चाल या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगी आहे. टेबलावर इस्पिकची नव्वी, छक्की आणि अठ्ठी, चौकटची दुर्री आणि शेवटी बदामची तिर्री होती. मनीमेकरच्या हाती इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पाने) आणि सीक्वेन्स (ओळीने पाच पाने) दोन्हींची आशा त्या तिर्रीने संपली, हाती जोडीही नव्हती, आणि त्याने सगळी रक्कम लावली. फार्हाने नव्वीची जोडी टाकून दिली. ही हूल केवळ धाडसाची नव्हती: हात शोमध्ये जिंकणारा नव्हता, आणि इस्पिकचा राजा स्वतःकडेच असल्याने प्रतिस्पर्ध्याकडे फ्लश असण्याची शक्यता कमी झाली होती.

प्रतिस्पर्ध्याचा चांगला हात अशा रीतीने अडवणाऱ्या पानांचा विचार आता संगणकाने काटेकोर केला आहे. जानेवारी 2017 मध्ये पिट्सबर्ग येथे ‘लिब्रेटस’ या प्रणालीने दोघांच्या नो-लिमिट होल्डेममध्ये चार व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवले. पॉटच्या कितीतरी पट रक्कम लावण्याची तिची सवय तेव्हा विशेष गाजली. यंत्राला चेहरा नव्हता आणि समोरच्याचा चेहरा दिसतही नव्हता, तरी त्याची हूल पचत होती.

महाराष्ट्रात जुगारबंदीचा 1887 चा कायदा आजही लागू आहे, आणि ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, मग ते कौशल्याचे असले तरी, बंदी आणली. त्यामुळे सोलापुरात ज्याला हा प्रश्न समजून घ्यायचा आहे, त्याने कुनचा तीन पानांचा डाव घरच्या घरी चिंचोक्यांवर मांडून गुलामावरची आपली हूल दर तीन वेळांत किती वेळा येते, ते आधी वहीत टिपावे.