नट, बोल्ट व स्क्रू

दोन भाग आट्यांच्या जोरावर आवळून धरणारी आणि हवे तेव्हा खोलता येणारी जोडसाधने. बोल्ट आरपार भोकातून जातो आणि पलीकडे नट घेतो. मशीन स्क्रू टॅप मारलेल्या, म्हणजे आतून आटे पाडलेल्या भोकात बसतो. लाकडाचा स्क्रू आणि पत्र्याचा सेल्फ-टॅपिंग स्क्रू आपले आटे आपणच पाडतात. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली सळई, त्याला डोके नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या भागात तो कायम बसवून नुसता नट खोलतात, त्यामुळे भागातले मऊ आटे वाचतात.

नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो. हा ताणच दोन्ही भाग एकमेकांवर दाबून ठेवतो. म्हणूनच जाड पण ढिला बोल्ट हा बारीक पण नीट आवळलेल्या बोल्टपेक्षा लवकर दगा देतो.

बोल्टची ताकद त्याच्या डोक्यावरच लिहिलेली असते. ८.८ मधला पहिला आकडा शंभरने गुणला की तुटण्याची मर्यादा मिळते : दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो की त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० न्यूटनला, बोल्ट कायमचा लांबू लागतो. १०.९ आणि १२.९ याच हिशेबाने वाचावेत. ८.८ च्या जागी बिनखुणेचा बोल्ट कधीही घालू नये. दिसायला दोघे सारखेच असतात.

सर्वांत जास्त घोटाळा मापात होतो. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे इंची माप सुचवले. आजचे मेट्रिक आटे ६० अंशांचे असतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत अजून ‘तीन सूत’, ‘चार सूत’ असेच मागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुती व्हिटवर्थ बोल्ट ९.५२ मिमी जाडीचा असतो, त्याच्या आट्यांतले अंतर १.५९ मिमी; एम १० या १० मिमी जाडीच्या मेट्रिक बोल्टचे अंतर १.५ मिमी. एम १० चा नट या बोल्टवर सैलसर चढतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण आटे अर्धवटच टेकतात. जोर लावला की आटे जातात. नट हाताने शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे आणि तरी डुलता कामा नये. शंका आली तर पिच गेज, म्हणजे आट्यांतले अंतर तपासायचे दातेरी माप, लावावा.

घरात, कोरड्या जागी झिंक चढवलेला बोल्ट पुरतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत ए४ (३१६) प्रतीचा स्टेनलेस घ्यावा, ए२ (३०४) वर तांबूस डाग धरतात. स्टेनलेसचा नट कोरडाच झपाट्याने आवळला तर मध्येच जाम होतो आणि शेवटी कापावा लागतो. आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावून हळू फिरवावा.

हादरे बसणाऱ्या यंत्रात स्प्रिंग वॉशरवर भिस्त ठेवू नये. तिथे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) किंवा आट्यांना लावायचा लॉकिंग द्रव वापरावा. नायलॉक नट एकदा खोलला की महत्त्वाच्या जागी नवाच घालावा. इंजिनाजवळच्या उष्णतेत नायलॉन मऊ पडते, तिथे पूर्ण धातूचा लॉकनट घ्यावा.