स्नॉर्केल: नाव पाण्याचं, काम धुळीचं

मडगार्डमधून बाहेर पडून विंडशील्डच्या कडेने टपापर्यंत चढलेली काळी नळी आता ऑफ-रोड गाड्यांवर इतकी रुळली आहे, की ती कशासाठी असते हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. विचारलंच तर बहुतेक जण सांगतील, पाण्यासाठी. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. या अर्ध्या उत्तरावर विसंबून पाण्यात घातलेल्या किती गाड्यांचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) वाकले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. म्हणून ही नळी गाडीवर आली कुठून आणि येताना काय मागे राहिलं, ते नीट पाहायला हवं.

स्नॉर्केल हा शब्द जर्मन आहे आणि घोरण्याच्या क्रियापदाच्या गोतावळ्यातला आहे. गाडीवर येण्याआधी तो पाणबुडीला चिकटला. पाणबुडीचं डिझेल इंजिन हवेशिवाय चालत नाही, म्हणून पाण्याखाली ती बॅटरीवर चालायची आणि बॅटरी भरायला वर यायची. पाण्याच्या जरा खाली राहून नळीने हवा ओढायची युक्ती दुसऱ्या महायुद्धाआधीच डच पाणबुड्यांवर बसवलेली होती. डच लोक तिला हुंगणारी म्हणत. १९४० मध्ये नेदरलँड्स जर्मनीच्या ताब्यात गेलं तेव्हा ही युक्तीही आयती हाती आली, पण जर्मन नौदलाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. १९४३ मध्ये पाणबुड्या धडाधड बुडू लागल्यावर तिची आठवण झाली आणि १९४४ मध्ये ती सर्रास वापरात आली. नळीच्या तोंडावर तरंगती झडप असायची. लाट आली की झडप बंद व्हायची, इंजिन मात्र चालूच राहायचं आणि पाणबुडीतलीच हवा ओढायचं. आतल्या माणसांच्या कानांचे पडदे ताणले जायचे. हवेची वाट बंद झाली की इंजिन जिथून मिळेल तिथून ओढतं, हे इथेच लक्षात ठेवलेलं बरं. गाडीच्या बाबतीतही तेच होतं.

गंमत अशी, की जमिनीवरच्या वाहनांना नळी हा शब्द रुळण्याआधीच मिळाली होती. १९४० मध्ये इंग्लंडवर उतरायच्या तयारीत जर्मन सैन्याने समुद्राच्या तळावरून चालणारे रणगाडे तयार केले. लांब रबरी नळी आणि तिचं तोंड पाण्यावर तरंगत ठेवणारा बोया अशी त्यांची हवेची सोय होती. ती स्वारी झालीच नाही. पुढे जून १९४१ मध्ये असे रणगाडे बुग नदी ओलांडायला वापरले गेले. १९४३-४४ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या फौजा किनाऱ्यांवर उतरल्या तेव्हा शर्मन रणगाड्यांच्या पाठीवर पत्र्याची उंच धुराडी होती, एकातून हवा आत आणि दुसऱ्यातून धूर बाहेर. चाकांच्या गाड्यांचं काम अधिक किचकट होतं. ग्रीस, चुना आणि ॲस्बेस्टॉसचे तंतू कालवून केलेला लेप हातांनी थापून प्रत्येक वायर, प्रत्येक टोपण, प्रत्येक सांधा बुजवायचा आणि किनारा लागला की तो लवकर खरवडून काढायचा, नाहीतर इंजिन तापून निकामी व्हायचं.

युद्धानंतर अमेरिकन सैन्याची १९५० ची एम-३८ जीप आली ती २४ व्होल्टची जलरोधक वायरिंग घेऊनच. खोल पाण्यात उतरण्यासाठी तिला वेगळा संच मिळत असे. १९८० च्या दशकातल्या हम्व्ही या अमेरिकन लष्करी गाडीचे आकडे बोलके आहेत. संचाशिवाय तिची मर्यादा सुमारे ७६० मिमी पाणी, संच लावल्यावर सुमारे १५२० मिमी, म्हणजे दुप्पट. महत्त्वाचा शब्द ‘संच’ हा आहे. त्यात हवेची वाट वर जाते, धुराची वाट वर जाते, ॲक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदर (आतली हवा ये-जा करायची छिद्रं) उंचावर जोडले जातात, विजेची कामं बंदिस्त होतात. सैन्याने नुसत्या नळीवर कधीच भरवसा ठेवला नाही.

सैन्याबाहेर आली ती मात्र नुसती नळी. १९८० ते २००० या काळात चाललेल्या कॅमल ट्रॉफी या साहसी गाडी-मोहिमेच्या पिवळ्या लँड रोव्हर चिखलात रुतलेल्या, बॉनेटपर्यंत पाण्यात बुडालेल्या अशा छायाचित्रांतून जगभर पोहोचल्या आणि नळीची प्रतिमा पक्की झाली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात हा धंदा म्हणून उभा राहिला. आधी लोक लोखंडी पाइप वाकवून, वेल्डिंग करून घरीच बनवायचे. मग साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून तो भट्टीत फिरवत बिनजोड पॉलिएथिलीनची नळी काढायला सुरुवात झाली. ती फांदीला घासली तर वाकून पुन्हा जागेवर येते आणि उन्हात लवकर तडकत नाही. १९८४ मध्ये आलेल्या टोयोटाच्या ७० मालिकेच्या लँड क्रूझरचं चित्र आज डोळ्यांपुढे आणलं तर स्नॉर्केलसकटच येतं, आणि ऑस्ट्रेलियात तर पुढे ती कारखान्यातूनच नळी लावून येऊ लागली.

आता ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पाणी किती आणि धूळ किती? प्रश्नातच उत्तर आहे.

खरं तर नळीचं दुसरं घराणं पाणबुडीच्या नळीपेक्षा जुनं आहे, पण त्याचं नाव कुणी घेत नाही. १९१५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात ट्रॅक्टर विकणाऱ्या एका माणसाने पाहिलं, की शेतातली धूळ इंजिनाच्या पोटात जाऊन सिलिंडर खाते आहे. त्यातून एअर क्लीनरचा उद्योग उभा राहिला. पुढे ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभी नळी आणि तिच्या टोकाला धूळ गरगर फिरवून बाजूला टाकणारी वाटी हे नेहमीचं दृश्य झालं. कारण साधं आहे. चाकांनी उडवलेली धूळ जमिनीलगत दाट असते, वर विरळ होत जाते. तीन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेऱ्या) सेकंदाला ७५ लिटरच्या घरात हवा ओढतं, टर्बो असेल तर त्याहून जास्त. तासाभरात २७० घनमीटर. दोन-चार मोठ्या खोल्या भरतील एवढी हवा चाकाशेजारच्या कोपऱ्यातून घ्यायची की टपाच्या उंचीवरून, हा फिल्टरच्या आणि पिस्टन रिंगच्या आयुष्याचा प्रश्न आहे. स्नॉर्केलचा रोजचा फायदा हा आहे. पाणी महिन्यातून एकदा भेटतं, धूळ रोज.

इथेच नावाचा घोळ सुरू होतो. स्नॉर्केल म्हटलं की पाण्याखाली श्वास घेणारा पोहणारा डोळ्यांपुढे येतो आणि गाडी तेवढी बुडाली तरी चालेल असं मनात बसतं. उत्पादकांना हे कळतं. म्हणून त्यांच्या कागदपत्रांत बहुधा ‘उंचावलेली हवेची वाट’ अशा अर्थाचा शब्द सापडतो आणि पाण्याच्या खोलीची छापील मर्यादा नळी लावल्याने बदलत नाही, असंही काही जण लिहितात. २०१८ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टकोमा पिकअपच्या एका आवृत्तीला अशी नळी दिली तेव्हा तिचं नावच ‘डेझर्ट एअर इन्टेक’ ठेवलं. चाकाच्या कमानीत घोटाळणाऱ्या धुळीपासून हवेची वाट दूर न्यायची, हा हेतू उघड सांगितला आणि ही पाण्यात उतरण्यासाठी नाही हेही बजावलं. वाहनप्रेमींनी त्याची टर उडवली. माझ्या मते इतक्या वर्षांत या वस्तूला मिळालेलं सर्वांत प्रामाणिक नाव ते होतं.

पण शब्दावरचा वाद हवेतला वाटत असेल, तर तो हाताला लागतो एका भोकापाशी. बॉनेट उघडा, हवेच्या फिल्टरच्या डब्याखाली बोट फिरवा. बहुतेक गाड्यांत तळाशी करंगळीएवढं भोक किंवा बदकाच्या चोचीसारखी रबरी झडप लागेल. पावसात नळीतून आत आलेलं पाणी आणि फिल्टरबाहेर साठलेली धूळ तिथून खाली पडावी, यासाठी ते ठेवलेलं असतं. टपावरच्या नळीला त्याची गरज उलट वाढते. जोराच्या पावसात एक घनमीटर हवेत सुमारे दोन ग्रॅम पाणी असतं. वरच्या हिशेबाने तासाभराच्या प्रवासात सुमारे अर्धा लिटर पाणी नळीच्या तोंडाशी येऊ शकतं. त्यातलं बरंचसं तोंडातल्या चिरांमधून बाहेर टाकलं जातं, उरलेलं खाली उतरतं. त्याला जायला वाट हवी.

आणि नदीत उतरताना नेमकी हीच वाट पाण्याखाली जाते. सहा मिमीच्या भोकावर ३० सेमी पाणी चढलं, तर नुसत्या दाबानेच मिनिटाला दोन-अडीच लिटर पाणी डब्यात शिरू शकतं. वर इंजिनाचं ओढणं वेगळं. हे किती घातक आहे ते कळायला एक छोटा हिशेब पुरतो. दोन लिटरच्या चार सिलिंडर डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन १७ ला १ (म्हणजे हवा सतराव्या हिश्शात दाबली जाते) धरलं, तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा जेमतेम ३१ मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या जागेत मावणार नाही इतकं पाणी सिलिंडरमध्ये आलं की पिस्टन अडतो आणि फिरत्या क्रँकचा सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो. टपावरची नळी कोरडी ठणठणीत असते आणि इंजिन खालून प्यायलेलं पाणी भोगत असतं.

मी असा एक डबा उघडलेला पाहिला आहे. गाडी ओळखीतल्याची, नळी चांगल्या बनावटीची, मडगार्ड नीट कापलेलं, पिलरवरचे स्क्रू घट्ट. फिल्टरच्या कागदावर खालून बोटभर उंचीची मातीची रेघ होती, पुराने भिंतीवर सोडावी तशी. फिल्टर ओला, डब्याच्या कोपऱ्यात गाळ. तळातली झडप जुनी होऊन कडक झाली होती आणि तिच्या चोचीत वाळकी काडी अडकलेली. एवढ्या काडीने घात केला होता. पाणी अजून दोन बोटं चढलं असतं तर इंजिन खोलावं लागलं असतं.

यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांनाही अनुभवाचा आधार आहे. एक पक्ष सांगतो, स्नॉर्केल लावलंत की भोक सिलिकॉनने कायमचं बुजवा, नाहीतर नळीला अर्थ नाही. दुसरा सांगतो, बुजवू नका, पावसाचं पाणी साठून तेच फिल्टर ओला करेल आणि हवेची वाट कोंडेल. नळी पाण्यासाठी आहे असं मानलं तर पहिला पक्ष बरोबर, धुळीसाठी आहे असं मानलं तर दुसरा. म्हणूनच नावाचा घोळ नुसता शब्दांचा नाही. मला दुसरा पक्ष पटतो, एका दुरुस्तीसह. चांगली लवचिक चोच बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आणि आतल्या ओढीने आपोआप मिटते. ती फिल्टरबरोबरच बदलावी, आणि खोल पाण्याआधी तात्पुरतं बूच लावावं.

भोकापलीकडे सांधे आहेत. नळी आणि डबा यांच्यामधली रबरी होज, तिच्या क्लिपा, मडगार्डमधून येणारी नळीची मान. मडगार्डवर कागदी साचा चिकटवायचा, होल सॉने पत्रा कापायचा, कापलेल्या कडेला प्रायमर लावायचा (हे विसरलं की गंज वर्षभरात बाहेर डोकावतो), हे सगळं दिसणारं काम असल्याने लोक मन लावून करतात. आतली शेवटची क्लिप हात पोहोचत नाही म्हणून सैल राहते. तपासायची जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. इंजिन आयडलला ठेवून नळीचं तोंड तळहाताने किंवा जाड रबराने पूर्ण झाकायचं. वाट खरोखर बंदिस्त असेल तर इंजिन कण्हत बंद पडतं. ते निवांत चालू राहिलं, तर पाणबुडीतल्यासारखं ते दुसरीकडून कुठून तरी हवा घेतं आहे, आणि जिथून हवा जाते तिथून पाणीही जातं.

तोंडाच्या दिशेवरून होणाऱ्या वादाला मी फार किंमत देत नाही. तोंड पुढे ठेवल्यास वाऱ्याच्या दाबाने ताकद वाढते असं सांगतात. ताशी १०० किमीला तो दाब जेमतेम ४६० पास्कल भरतो, वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. ऑफ-रोडच्या वेगाला तर तो नगण्यच. पावसाचं पाणी वेगळं करण्यासाठी तोंडाची रचना पुढच्या दिशेने केलेली असते, एवढं कारण पुरे आहे. बर्फात किंवा झाडीत ते मागे फिरवतात. बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची थंड हवा मिळण्याचा फायदा मात्र खरा आहे. १० अंशांचा फरक पडला तर हवा सुमारे ३ टक्के दाट होते. पण बऱ्याच गाड्या मुळातच मडगार्डच्या पोकळीतून बाहेरची हवा घेतात, तिथे हाही फायदा आटतो.

अलीकडे कारखान्यांनी हवेची वाट गाडीच्या आतच उंच न्यायला सुरुवात केली आहे. लँड रोव्हरची २०२० ची डिफेंडर बाहेर कुठलीही नळी न लावता ९०० मिमी पाण्यातून जाते, जुन्या डिफेंडरची छापील मर्यादा ५०० मिमी होती. हा फरक नळीने पडलेला नाही. ब्रीदर, वायरिंग, दारांची रबरं आणि हवेची वाट एकत्र विचारात घेऊन आखल्यामुळे पडला आहे. युद्धकाळातला तो ‘संच’ सत्तर-ऐंशी वर्षांनी कारखान्यातूनच जोडून मिळू लागला. बाजारातून आणलेली नळी अशा गाडीला लावली, तर ती धुळीत फिल्टरचं आयुष्य वाढवेल. पाण्याची मर्यादा मात्र अल्टरनेटर, कंट्रोल युनिट आणि ॲक्सलचे ब्रीदर यांत जे सर्वांत खाली असेल तेच ठरवेल.