वैज्ञानिक प्रतिमानांची असममेयता

दोन प्रतिस्पर्धी वैज्ञानिक प्रतिमानांत, म्हणजे पॅरडाइममध्ये (एखाद्या शास्त्रातल्या कामाच्या सर्वमान्य चौकटींत), निवाडा करायला दोघांनाही मान्य अशी तटस्थ भाषा किंवा कसोटी नसते, असे सांगणारी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातील संकल्पना. विज्ञानाचे तत्त्वज्ञ टॉमस कून आणि पॉल फायराबेंड यांनी ती १९६२ मध्ये मांडली. तेव्हा दोघेही बर्कली येथे अध्यापन करत होते. संज्ञा ग्रीक भूमितीतली आहे. चौरसाची बाजू आणि कर्ण यांना नेमका भाग जाईल असे एकही माप नसते. तरीही कर्ण मोठा हे निर्विवाद असते. असममेय म्हणजे अतुलनीय नव्हे. हे नजरेआड झाल्यानेच या संकल्पनेवर बरीच टीका झाली.

एक उदाहरण पाहू. ऑगस्ट १७७४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली यांनी पाऱ्याचे तांबडे भस्म भिंगाने एकवटलेल्या उन्हात तापवले. निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण प्रखर जळाली. जळताना पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे ज्वलनतत्त्व बाहेर पडते, असे तेव्हा मानत. म्हणून प्रीस्टलींच्या लेखी ही फ्लॉजिस्टन काढून घेतलेली, ते झपाट्याने शोषणारी हवा होती. रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हाझिए यांनी त्याच वायूला ऑक्सिजन म्हटले: ज्वलनात तो पदार्थाशी संयोग पावतो. इथे नुसते नाव बदलून भागत नाही; एकाचे म्हणणे दुसऱ्याच्या भाषेत जसेच्या तसे भाषांतरित होत नाही. प्रीस्टलींसाठी धातू म्हणजे भस्म अधिक फ्लॉजिस्टन; लव्हाझिएंसाठी धातू मूलद्रव्य आणि भस्म संयुग. कसोट्याही सरकल्या. जळालेल्या धातूचे वजन वाढते, याला लव्हाझिएंनी निर्णायक महत्त्व दिले. सगळे धातू एकमेकांसारखे का, याचे फ्लॉजिस्टनवाद्यांकडे उत्तर होते. नव्या रसायनशास्त्राने ते गमावले.



तत्त्वज्ञ डोनाल्ड डेव्हिडसन यांनी १९७४ मध्ये मर्मावर बोट ठेवले: जुनी चौकट आजच्या भाषेत समजावून सांगता येत असेल, तर भाषांतर अशक्य कसे? तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांचाही आक्षेप असाच. भाषा शिकणे वेगळे आणि तिचे भाषांतर वेगळे, असे उत्तर कून यांनी १९८३ मध्ये दिले. जुनी परिभाषा शिकून इतिहासकार द्वैभाषिक होतो, तिचे भाषांतर करत नाही. असममेयता परस्परांवर अवलंबून असलेल्या मोजक्या संज्ञांपुरतीच असते, हेही त्यांनी स्पष्ट केले. सिद्धांत निवडताना अचूकता, सुसंगती, व्याप्ती, साधेपणा आणि फलदायीपणा ही मूल्ये सर्वांना मान्य असतात. कोणाला किती वजन द्यायचे, यावर मतभेद होतात. त्यामुळे कून यांच्यावरचा निव्वळ सापेक्षतावादाचा, म्हणजे सत्य ज्याच्या-त्याच्या चौकटीपुरतेच असते असे मानल्याचा, आरोप टिकत नाही. उत्तरायुष्यात कून यांनी या कल्पनेचा संबंध ज्ञानशाखांच्या विस्ताराशी जोडला: वैज्ञानिक क्रांतीनंतर, म्हणजे प्रतिमान बदलल्यावर, अनेकदा नवी उपशाखा फुटते आणि तिची परिभाषा मूळ शाखेपासून दुरावत जाते.