‘इन्सेप्शन’ थ्रीडीत का आला नाही

ख्रिस्तोफर नोलनच्या ‘इन्सेप्शन’ चित्रपटाच्या शेवटी भोवरा पडतो की फिरतच राहतो, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. तो थ्रीडीत न आणण्याचा त्याआधीचा निर्णय मात्र मागे पडतो.

स्वप्नांत शिरून चोरी करण्याची कल्पना दिग्दर्शक नोलनने २००१-०२च्या सुमारास ऐंशी पानी आराखड्यासह मांडली, तेव्हा ती भयपटाची होती. एवढा पसारा पेलायला आधी मोठ्या चित्रपटांचा अनुभव हवा, असं त्याला वाटलं. मग दोन बॅटमॅनपट झाले, भयपटाचा दरोडापट झाला आणि फेब्रुवारी २००९ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओने पटकथा विकत घेतली.

जून २००९ मध्ये टोकियोत चित्रीकरण सुरू झालं आणि सहा देशांत फिरलं. इंग्लंडमध्ये कार्डिंग्टन इथे हवाई जहाजांसाठी बांधलेल्या जुन्या हँगरमध्ये शंभर फूट लांबीचा गरगर फिरणारा कॉरिडॉर उभारला गेला. त्यातली मारामारी करताना नट खरोखरच भिंतीवरून छतावर जात होता. पॅरिस शहर दुमडतं ते दृश्य संगणकाचं. पण जे बांधता येईल ते बांधायचं, असा एकूण आग्रह. चित्रीकरणही फिल्मवर, निवडक प्रसंग नेहमीपेक्षा रुंद अशा ६५ मिमी फिल्मवर.

डिसेंबर २००९ मध्ये ‘अवतार’ आला आणि थ्रीडीची लाट उसळली. थ्रीडीचं तिकीट महाग, त्यामुळे साधे चित्रितलेले सिनेमेही नंतर थ्रीडी करून घेण्याची घाई सुरू झाली. याच स्टुडिओचा ग्रीक पुराणकथेवरचा ‘क्लॅश ऑफ द टायटन्स’ एप्रिल २०१० मध्ये तसाच आला. गल्ला जमला, पण त्या रूपांतरावर सडकून टीका झाली. ‘इन्सेप्शन’च्या काही भागांवरही अशा रूपांतराची चाचणी झाली होती. निकाल चांगला होता, हे दिग्दर्शकानेच सांगितलं. पण त्याला हव्या त्या दर्जाचं काम करायला वेळ उरला नव्हता. शिवाय चष्म्यामुळे पडदा अंधारतो आणि सगळ्या प्रेक्षागृहाने मिळून पाहायचं भव्य चित्र एकेकट्यापुरतं आक्रसतं, हा त्याचा मूळ आक्षेप होताच.

स्टुडिओची चिंता समजण्यासारखी होती. खर्च १६ कोटी डॉलर, आणि पाठीशी ना गाजलेली कादंबरी, ना आधीचा भाग. तरीही माझ्या मते थ्रीडीला दिलेला नकारच बरोबर होता. या गोष्टीत स्वप्न जागेपणाइतकंच खरं वाटायला हवं. मागाहून चिकटवलेला थ्रीडीचा खोलपणा जाणवला असता तर सगळा डावच उघडा पडला असता.

१६ जुलै २०१० ला चित्रपट अमेरिकेत साध्या आणि आयमॅक्स पडद्यांवर लागला. जगभरची कमाई ८० कोटी डॉलरच्या पुढे गेली. छायाचित्रण, दृश्यपरिणाम आणि ध्वनीची दोन अशी चार ऑस्कर मिळाली. दिग्दर्शनाचं साधं नामांकनही नाही, हा अन्यायच.

ऑक्टोबर २०१० मध्ये पुढचा बॅटमॅनपटही थ्रीडीत नसेल, असं दिग्दर्शकाने जाहीर केलं. त्याच महिन्यात स्टुडिओने आपल्या ‘हॅरी पॉटर’ या जादूगार मुलाच्या मालिकेतल्या, नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या भागाची थ्रीडी आवृत्ती रद्द केली. दर्जेदार रूपांतराला वेळ नाही, हेच कारण त्यांनी दिलं.