शालेय परसबाग, कोकणातील

शाळेच्या आवारात विद्यार्थ्यांनी राखलेली भाजीपाल्याची लहान बाग. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या वर्धा शिक्षण योजनेत हाताच्या कामाला अध्यापनाचा पाया मानले होते. शेती व बागकाम त्यातच येते. शालेय पोषण परसबागांसाठी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या.

प्रकाश, पाणी, हवा, उष्णता व अन्नद्रव्ये या वनस्पतीच्या गरजा प्राथमिक वर्गांत शिकवल्या जातात. कोकणात त्यांपैकी काय अपुरे पडते ते ऋतूवर ठरते, आणि पावसाळ्यात ती उणीव बहुधा मुळांना लागणाऱ्या हवेची असते.

माती : रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत जांभ्यापासून (लोहयुक्त, सच्छिद्र तांबड्या खडकापासून) झालेली तांबडी, आम्लधर्मी माती मोठ्या क्षेत्रावर आहे. जांभ्याच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतात मलबारातील अशाच खडकाचे वर्णन केले : खणताना मऊ, उघड्यावर ठेवल्यावर कठीण. एका मतानुसार मूळ बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) जागच्या जागी कुजून त्यातील सिलिका व क्षार पावसाने वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे उरली. दुसऱ्या मतानुसार उंचावरून वाहून आलेले द्रव्य पायथ्याशी साचून घट्ट झाले. काही ठिकाणी एकाच उभ्या छेदात ताज्या बेसाल्टपासून जांभ्यापर्यंतचे क्रमवार बदल दिसतात, त्यामुळे निदान अशा ठिकाणी पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. किनारपट्टीचा जांभा महाबळेश्वर-पाचगणीच्या जांभ्याहून नंतरचा, बहुधा तृतीयक कालखंडाच्या (सुमारे साडेसहा कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीच्या काळाच्या) मध्यापासून उत्तरार्धापर्यंतचा असावा.

परसबागेच्या दृष्टीने या ऑक्साइडांना महत्त्व आहे, कारण ती स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतात आणि खत घालूनही तो मुळांना पुरेसा मिळत नाही. म्हणून कुजलेले शेणखत वाफाभर पसरण्यापेक्षा आळ्यात, मुळांजवळ देणे बरे. चुना किंवा चुलीतील राख बेताने मिसळल्यास आम्लता उतरते. चवळी, वाल यांच्या मुळांवरील, हवेतला नत्र धरणाऱ्या गाठींना त्याची मदत होते. कातळावर वसलेल्या शाळांत मातीचा थर इतका उथळ असतो की चिरे (जांभ्याचे कापीव दगड) रचून त्यांत माती भरणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

पाणी व हवा : वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारांश वेगाने पाण्यात पसरतो. त्यामुळे सपाट वाफ्यात पाणी तुंबले की मुळांना हवा मिळत नाही आणि मिरची-वांग्याची रोपे पाण्यात उभी असूनही सुकतात. गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे) व बाजूने चर हाच उपाय. जागा निवडण्यापूर्वी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी उरले, तर ती जागा अळूला द्यावी. विद्यार्थ्यांना निचरा समजण्यासाठी याहून सोपा प्रयोग नाही.

दिवाळीनंतर प्रश्न उलटतो. जांभ्याची माती पाणी लवकर सोडते, तेव्हा पालापाचोळ्याचे आच्छादन लागते. मे महिन्याच्या सुट्टीत पाणी घालणारे कोणी नसेल, तर शेवग्यासारखी झाडेच तग धरतात.

प्रकाश : फळभाज्यांना रोज सहा तासांच्या आसपास ऊन हवे. ढगाळ पावसाळ्यात ते मिळणे कठीण. पडवळ, दोडका, काकडी मांडवावर चढवल्याने पाने उजेडात येतात. वालाच्या पारंपरिक जाती दिवस लहान झाल्यावर फुलतात, म्हणून भातकापणीनंतरच्या ओलीवर पेरतात.

समुद्रालगत : खाऱ्या वाऱ्याने कोवळी पाने करपतात, वाऱ्याच्या बाजूस दाट कुंपण लावतात.