ट्रेझरीचा रस्ता : साथरोग रोखायचा पैसा कोल्हापुरापर्यंत कसा येत गेला

साथीच्या कामात सरकार आणि बाहेरची माणसं एकत्र, हे काय आत्ताचं नाही. १८९६ ला मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इकडं कोल्हापुरात आला, तेव्हा संस्थानानं लोकांना गावाबाहेर झोपड्यांत हलवलं. पैसा संस्थानच्या तिजोरीतला आणि हुकूम पण तिथलाच, त्यामुळं कुणाचा वाटा किती हा वादच नव्हता. मधली बरीच वर्षं मी सोडून देतोय, कारण देवी काय, हिवताप काय, सगळं खात्याचं काम. फवारणीवाले यायचे, भिंतीवर तारीख टाकून जायचे, संपला विषय.

खरी भागीदारी सुरू झाली ती एचआयव्हीपासनं. १९९२ ला राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यामागं जागतिक बँकेचं कर्ज होतं, आणि लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं की धंदा करणाऱ्या बायका आणि ट्रकवाले यांच्यापर्यंत सरकारी माणूस पोचत नाही. पोचला तरी त्याच्याशी कोण बोलणार? आपल्याकडं तर पुणे-बेंगलोर हायवे, कागलपलीकडं कर्नाटक, हंगामाला मराठवाड्यातनं येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, आणि पश्चिम महाराष्ट्र-उत्तर कर्नाटक हा पट्टाच तेव्हा जास्त लागणीचा. म्हणून संस्थांना अनुदान देऊन काम करून घ्यायचं ठरलं, ज्याला आम्ही सगळे टीआय (टार्गेटेड इंटरव्हेन्शन, म्हणजे ठरावीक गटासाठीचं काम) म्हणायचो. वस्तीतलीच बाई पीअर, म्हणजे आपल्यासारख्या बायकांपर्यंत पोचणारी, तिच्यावर ओआरडब्ल्यू (आउटरीच वर्कर), आणि ऑफिसात एक अकाउंटंट जो कायम यूसीच्या, म्हणजे पैसा कुठं खर्च झाला त्या दाखल्याच्या, मागं. तो अकाउंटंट काही वर्षं मी होतो, तेव्हा पुढचं जरा एका बाजूचं वाटलं तर समजून घ्या.

२००३ ला अमेरिकेतल्या एका मोठ्या फाउंडेशनचा कार्यक्रम सहा राज्यांत उतरला, त्यात महाराष्ट्र होता. त्यांच्याकडं पैसा, कॉम्प्युटर, ट्रेनिंग सगळं बक्कळ. सरकारी टीआयवाले आणि हे यांच्या पगारात फरक, त्यावरनं कुरबुरी व्हायच्या. पण ठरलेलं होतं की शेवटी हे सगळं सरकारच्या हवाली करायचं, आणि तसं ते २००९ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्यानं झालंपण. बाहेरच्या देशांत या हस्तांतरणाचं फार कौतुक झालं, लोकांनी पेपर लिहिले. कौतुक खोटं नाही. फक्त त्यात पैसा कुठल्या वाटेनं येणार हे कुणी फारसं बघितलं नाही.

आता ती वाट. २०१३-१४ पर्यंत दिल्लीचा पैसा राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीच्या खात्यावर थेट पडायचा आणि तिथनं संस्थेला. एनआरएचएमचं, म्हणजे ग्रामीण आरोग्य अभियानाचंही तसंच होतं, २००५ पासनं. २०१४-१५ ला केंद्रानं ठरवलं की आता सगळं राज्याच्या ट्रेझरीतनं जाणार. म्हणजे दिल्लीनं पाठवलं की आधी राज्याच्या तिजोरीत जमा, मग बजेटमध्ये तरतूद आहे का बघायचं, नसली तर पुरवणी मागणी, मग वित्त विभागाची मंजुरी, मग जीआर, मग बिल, आणि मग कधीतरी सोसायटी. या निर्णयावर आजपण दोन तट आहेत. बाजूनं बोलणारे म्हणतात की करोडो रुपये विधिमंडळाला न दिसता सोसायट्यांच्या खात्यात पडून राहायचे, ऑडिट वरवरचं, व्याज कुणाचं ते कुणाला ठाऊक नाही. हे खरं आहे, खोटं कशाला बोलू, काही सोसायट्यांकडं मागच्या वर्षाचा शिल्लक पैसा तसाच असायचा आणि नवीन हप्ता मागितला जायचा.

पण ज्या दिवशी रस्ता बदलला त्या दिवशी रोगाला कुणी कळवलं नव्हतं. देशभर संस्थांचे पगार महिनोन्‌महिने थांबले, कंडोमचा तुटवडा पडला. आमच्याकडं त्या दिवाळीला पगार नव्हता. पीअर बायकांचं मानधन आधीच चिमूटभर, त्यातल्या काही सोडून गेल्या, आणि पीअर सोडून गेली म्हणजे नुसती एक जागा रिकामी झाली असं नसतं, तिच्या ओळखीनं तपासणीला येणाऱ्या पन्नास जणी पण जातात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एड्सचा वेगळा विभाग परत आरोग्य मंत्रालयात विलीन झाला, मग वर विचारायचं कुणाला हेच समजंना. पुढच्या वर्षी चौदाव्या वित्त आयोगानं राज्यांचा करातला वाटा ३२ वरनं ४२ टक्के केला आणि आरोग्य अभियानाची वाटणी ६०:४० झाली. म्हणजे राज्यानं ४० घालायचे. कागदावर राज्य श्रीमंत झालं, पण त्यातला आरोग्याला किती द्यायचा हे राज्याच्या मर्जीवर. माझ्या मते हिशोब सुधारायला हवा होता पण त्यासाठी वर्षभर दोन्ही वाटा चालू ठेवता आल्या असत्या. ते काय झालं नाही.

बाकीच्या रोगांची गोष्ट थोडक्यात. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, पंचगंगेचं दूषित पाणी, कित्येकांचे जीव गेले, आणि त्यानंतर नदीवर जितकं बोललं गेलं तितकं आधी कधीच नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात लेप्टोसाठी (पुराच्या पाण्यातनं होणारा ताप) डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर, चिखल काढायला तालमींची पोरं. तिथं भागीदारी हा शब्द कुणी वापरत नाही, पण होती तीच. खेड्यात टीसीएल ग्रामपंचायतीच्या पैशातनं येते आणि तिला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या पैशाचे बंधित (ठरलेल्या कामालाच) आणि अबंधित असे दोन कप्पे. पंधराव्या आयोगात २०२१-२२ ते २०२५-२६ ला ६० टक्के बंधित ठरले, तेही पाणी आणि स्वच्छतेलाच. डासांसाठी फॉगिंग कुठल्या कप्प्यात बसतं यावर ग्रामसेवक आणि सरपंच यांची जी चर्चा होते ती ऐकण्यासारखी असते.

कोविडमध्ये कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, धावून आला. नफ्यातले २ टक्के द्यायचा नियम कंपनी कायद्यातला, एप्रिल २०१४ पासनं लागू, आणि २३ मार्च २०२० ला कोविडवरचा खर्च त्यात बसतो असं जाहीर झालं. आपल्या जिल्ह्यात यात एक गंमत आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांना हा नियम लागतो, पण सहकारी साखर कारखान्याला लागत नाही, कारण तो कंपनी कायद्याखाली नोंदलेलाच नाही. ज्याच्या फडात हजारो तोडकरी झोपड्या टाकून राहतात त्यानं काय दिलं तर ते संचालक मंडळाच्या मनावर.

सप्टेंबर २०२२ ला टीबीसाठी निक्षय मित्र आले, म्हणजे कुणीही माणूस, संस्था, कंपनी पेशंटला सहा महिने आहाराचं किट देऊ शकते. शिवाय पेशंटच्या खात्यावर थेट महिना ५०० रुपये २०१८ पासनं, ते नोव्हेंबर २०२४ ला १००० झाले. चांगलंच आहे. पहिल्या किटला फोटो असतो, पाचव्या-सहाव्या किटला कुणी नसतं, एवढंच.

आणि ट्रेझरी? जुलै २०२१ पासनं नवीन पद्धत, राज्यात एका योजनेला एकच खातं, खालच्या सगळ्यांची झिरो बॅलन्स. बँकेत पैसा नसतोच, फक्त लिमिट, म्हणजे किती खर्च करता येईल तो आकडा, दिसतं. जुन्या खात्यातली शिल्लक वर परत गेली. जानेवारी २०२५ ला अमेरिकेनं परदेशी मदत गोठवल्यावर त्या पैशावर चालणारे तृतीयपंथीयांसाठीचे हैदराबाद, कल्याण आणि पुण्यातले दवाखाने बंद पडले. एचआयव्ही कार्यक्रमाचा पाचवा टप्पा मात्र पूर्ण केंद्राच्या पैशातला, मार्च २०२६ पर्यंतचा ठरला होता. परवा जुन्या ऑफिसातल्या एकीला फोन केला, पगार झाला का विचारलं, तर म्हणाली मंजूर झालाय, लिमिट यायचंय.