युरोप कडक, अमेरिका ढिली? आधी उलटं होतं

ग्राहकाची काळजी युरोपात, अमेरिकेत सगळं कंपन्यांच्या मर्जीवर, असं आपण सर्रास म्हणतो ना, पण 1960च्या आसपास हे बरोबर उलटं होतं.

1937 साली अमेरिकेत सल्फाचं (जंतू मारणारं) एक गोड औषध बाजारात आलं आणि शंभरावर माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच. ते विरघळवायला डायएथिलीन ग्लायकॉल वापरलेलं, म्हणजे कफ सिरपच्या बातम्यांत आपण आजही वाचतो तेच विष. कहर म्हणजे विषारी औषध विकणं हा तेव्हा गुन्हाच नव्हता, सरकारने माल जप्त केला तो लेबलवर 'एलिक्सिर' म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेलं औषध असं लिहिलंय पण आत अल्कोहोल नाही या मुद्द्यावर! मग 1938चा कायदा आला, आधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा, मगच विका.

पश्चिम जर्मनीत असं काही नव्हतं. तिथे 1957 पासून थॅलिडोमाइडची झोपेची गोळी चिठ्ठीशिवाय मिळायची, गरोदर बायका मळमळीवर पण घ्यायच्या. 1960मध्ये तीच गोळी अमेरिकेच्या एफडीएत, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यात, फ्रान्सिस केल्सी यांच्या टेबलावर आली, बाई नोकरीला नुकत्याच लागलेल्या. नियम असा की 60 दिवसांत हरकत नाही घेतली तर औषध पास, तर त्या दर वेळी ही माहिती अपुरी आहे म्हणून फाइल परत पाठवायच्या, कंपनीवाले वैतागले तरी हलल्या नाहीत. तोवर युरोपात हातपाय खुरटलेली हजारो बाळं जन्मली आणि 1961च्या नोव्हेंबरात जर्मनीत गोळी बंद झाली.

मग काटा फिरला कधी? 1981मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ठरवलं की मोठा नियम आणायचा तर आधी खर्चापेक्षा फायदा जास्त आहे हे दाखवा. उलट युरोपने 1989मध्ये वाढीसाठी हार्मोन दिलेल्या गुरांचं बीफ अडवलं, 1996ला मॅड काऊ या गाईंच्या मेंदूच्या रोगाने ब्रिटन हादरलं, आणि पुरावा येईपर्यंत थांबायचं कशाला ही भूमिका पक्की झाली. अमेरिकेत मात्र नियमांपेक्षा कोर्टाचा धाक जास्त, आधी विका, चुकलात तर भरपाई भरा.

गंमत म्हणजे 1938चा तो कायदा अजून जिवंत आहे. गोळ्या-चॉकलेटच्या पोटात न खाण्याची वस्तू नको असं त्यात आहे, त्यामुळे आत खेळणं असलेलं इटलीचं किंडर सरप्राइज हे चॉकलेटचं अंडं तिथे चालत नाही. आपल्या बारामतीत बनतं ते किंडर जॉय चालतं, कारण त्यात खाऊ एका अर्ध्यात आणि खेळणं दुसऱ्यात. सरप्राइजवालं अंडं मात्र अमेरिकेचे कस्टमवाले प्रवाशांच्या बॅगेतून काढून घेतात.